कॅम्परसाठी पिकअप घेताय? आधी डबा काट्यावर, मग गाडी शोरूममधून

रावेर-सावद्याच्या रस्त्यावर केळीने ठासून भरलेल्या पिकअप रोज धावतात. त्या बघून बघून आपल्याकडे समज झालाय की पिकअपवर काहीही लादा, ती ओढतेच. केळीची गाडी संध्याकाळी रिकामी होते, हे मात्र आपण विसरतो. कॅम्परचा, म्हणजे पिकअपवरच्या चालत्या घराचा, डबा एकदा चढवला की तो महिनोन्महिने पाठीवरच राहतो. त्याच वजनानिशी घाट चढायचा, उतरायचा, खड्ड्यात आपटायचं आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तापलेल्या डांबरावर टायर झिजवायचे. म्हणून या खरेदीत इंजिन, रंग आणि टचस्क्रीन यांचा नंबर बराच मागे लागतो. पहिला प्रश्न एकच: डबा किती किलोचा होणार?

लोक नेमकं उलटं करतात. आधी आवडली ती गाडी बुक करतात आणि मग फॅब्रिकेशनवाल्याला सांगतात, "हिच्यावर बसेल असं घर बनव." डबा बसतो, वजन बसत नाही. मग पाटे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवायचे सल्ले सुरू होतात.

किती जण जाणार?

हे आधी ठरवा, कारण इथेच निम्म्या गाड्या बाद होतात. साध्या एकेरी केबिनच्या पिकअपमध्ये चालक आणि शेजारी एक, फार तर दोन, एवढीच आसनं नोंदलेली असतात. चालू गाडीत मागच्या डब्यात पोरांना झोपवून न्यायचं, हा विचार डोक्यातून काढून टाका. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीच्या मागे माणसं बसवणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. नवरा-बायको दोघंच पाल, पाटणादेवी, तोरणमाळ फिरणार असाल तर एकेरी केबिन उत्तम. चौघं असाल तर दुहेरी केबिन लागेल, आणि केबिन वाढली की हौदा, म्हणजे मागची माल भरायची जागा, आखूड होणारच. पाच फुटी हौद्यात माणूस आडवा होत नाही. त्यासाठी केबिनच्या टपावर पुढे आलेला बिछाना किंवा टपावरचा तंबू, असा वेगळा मार्ग धरावा लागतो.

वजनाचा हिशेब: कागद-पेन्सिल घेऊनच बसा

डब्याचा आकार समजा ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, ६ फूट उंच. भिंती, छत आणि तळ मिळून साधारण २५ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. आता साहित्य निवडा.

आपल्याकडचा नेहमीचा फॅब्रिकेटर लोखंडी चौकोनी पाइपची चौकट, आत १८ मिमी प्लाय आणि बाहेरून पत्रा, असा डबा सुचवतो. त्याची सवय ट्रकची बॉडी आणि शेतावरची शेड बांधण्याची. मजबुती म्हणजे जाडी, हे त्याचं गणित. १८ मिमी प्लायचा आठ बाय चारचा एक ताव ३५ किलोच्या आसपास भरतो. असे साडेआठ ताव, चौकटीचं लोखंड, पत्रा, वर कपाटं आणि पलंग धरले तर रिकामा डबा सहज ७०० किलोवर जातो.

दुसरा पर्याय पफ पॅनेलचा. केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरला आणि कोल्ड स्टोरेजला जे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पॅनेल लावतात, तेच. ५० मिमी जाडीचं पॅनेल चौरस मीटरला १० किलोच्या आसपास भरतं. म्हणजे २५ चौरस मीटरचे २५० किलो. हलकी चौकट, दार-खिडक्या आणि १२ मिमी प्लायचं आतलं सामान धरून ४५० किलोत काम होतं. वर उन्हाळ्यात फरक पडतो तो वेगळाच: नुसत्या पत्र्याचा डबा भुसावळच्या मे महिन्यात भट्टी होतो. आपल्या भागात या पॅनेलचं काम जाणणारे कारागीर मिळतात. मी तरी दुसऱ्या कशाचा विचार करणार नाही.

आता पफ पॅनेलचा डबा धरून बाकीचं सामान मांडू:

रिकामा डबा ४५० किलो
पाणी ८० लिटर: ८० किलो
दीडशे अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी, इन्व्हर्टर, एक सोलर पॅनेल: ९५ किलो
शेगडी, लहान सिलिंडर, भांडी, किराणा: ५० किलो
गाद्या-पांघरुणं: ३० किलो
कपडे आणि किरकोळ सामान: ४० किलो
अवजारं, दोर, जॅक: ३० किलो
दोन माणसं: १४० किलो

बेरीज ९१५. यावर १५ टक्के जादा धरायचेच, कारण परतीच्या वाटेवर यावलच्या बाजारातून कुणी रिकाम्या हाताने येत नाही. झाले साधारण १,०५० किलो. हाच हिशेब ७०० किलोच्या डब्याने करून बघा. आकडा १,३४० वर जातो आणि १.३ टन भार वाहणारी गाडी कागदावरच बाद होते. डब्यातल्या अडीचशे किलोंनी गाडीचा वर्गच बदलला.

वजन कमी करायच्या जागा दोनच मोठ्या. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर अँपिअर-तासाची बॅटरी १२-१३ किलोत येते, तर ट्यूब्युलर पन्नास-साठ किलोंची. वापरता येणारी वीज जवळपास तेवढीच मिळते. दुसरी जागा कापसाची गादी. खान्देशात राहून हे लिहिणं जिवावर येतं, पण डबल गादी पंधरा-वीस किलो खाते आणि पावसाळ्यात ओल धरते. फोमची घ्या.

नोंदणीतले दोन आकडे

माहितीपत्रकातली क्षमता वाचून थांबू नका. नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, रिकाम्या गाडीचं वजन आणि भारासह एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातली वजाबाकी हीच तुमची खरी मर्यादा, आणि त्यात तुम्ही स्वतःही आलात. नवी गाडी घेताना विक्रेत्याकडे त्याच मॉडेलच्या नोंदलेल्या गाडीचे हे आकडे मागा. हौदा नसलेली, नुसती केबिन आणि चेसिस (खालचा सांगाडा) घेतलीत तर हौद्याचं वजन वाचतं. पण मग डबा ही गाडीची बॉडीच ठरते आणि तिची नोंदणी तशीच करून घ्यावी लागते.

जादा भाराचा दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहे. दंड भरून सुटता येतं. घाटात ब्रेक तापले तर नाही.

भार कुठे पडतो

एकूण वजन मर्यादेत असूनही गाडी धोकादायक होऊ शकते, ती इथे. या भागासाठी थोडा वेळ द्या.

गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर समजा ३ मीटर आहे आणि भरलेला डबा ८०० किलोचा. डब्याचा तोल, म्हणजे वजनाचा मध्य, मागच्या आसाच्या (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) ३० सेंटिमीटर पुढे पडला तर मागच्या आसावर ७२० आणि पुढच्यावर ८० किलो जातात. छान. तोच तोल आसाच्या ३० सेंटिमीटर मागे गेला तर मागच्या आसावर ८८० किलो येतात आणि पुढचा आस ८० किलोंनी उचलला जातो. वजन तेच, पण आता स्टेअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि ओल्या रस्त्यावर वळणात पुढची चाकं सरळ निघू पाहतात.

आणि हल्ली फॅशन कसली? मागचं दार उघडलं की तिथेच ओटा, सिलिंडर, पाण्याची टाकी. फोटो सुंदर येतो. म्हणजे सगळं जड सामान शेपटीला. टाकी आणि बॅटरी केबिनच्या पाठीला चिकटून, तळाला ठेवा. मागे भांडी आणि पांघरुणं. टाकी उजवीकडे असेल तर बॅटरी डावीकडे. उंच कपाटात डबे-बरण्या भरून ठेवणं टाळा, कारण डब्याची उंची आधीच बाजूच्या वाऱ्याला तोंड देत असते. मे-जूनमध्ये तापीकाठच्या केळीबागा आडव्या करणारं वादळ आठवा, आणि तसं आभाळ दिसलं तर सरळ आडोसा बघून थांबा.

डब्याची लांबी वाढवायचा मोह झाला तर नियम लक्षात ठेवा: मागच्या आसामागे बाहेर आलेला भाग चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ३ मीटरला १.८ मीटर. पण तोलाच्या दृष्टीने तेवढं टोक गाठूच नये.

"एक पाटा टाकी देऊत"

गॅरेजमध्ये हा सल्ला हमखास मिळतो: "काही व्हस नही भाऊ, आखो एक पाटा टाकी देऊत." (काही होत नाही भाऊ, आणखी एक पाटा टाकून देऊ.) पाटा वाढवला की गाडी मागे बसत नाही, हे खरं. पण आस, बेअरिंग, टायर, चेसिस आणि ब्रेक यांची ताकद तीच राहते. शिवाय अनेक पिकअपमध्ये मागच्या आसाजवळ एक व्हॉल्व्ह असतो. गाडी किती खाली बसली यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवतो. पाटे कडक केले की गाडी बसतच नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. पाटा टाकायचाच असेल तर हा व्हॉल्व्ह पुन्हा जुळवून घ्या. त्याहून बरं म्हणजे एक वर्ग वरची गाडी घ्या.

टायरच्या कडेवर भारांक छापलेला असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,०००. मागच्या आसावरचं भरलेलं वजन दोन टायरांच्या बेरजेहून बरंच कमी हवं. बदली टायर स्वस्त मिळाला म्हणून कमी भारांकाचा बसवू नका.

आता गाड्या

छोटा हत्ती (टाटा एस) आवडतो सगळ्यांना, पण पाऊण टनाच्या आतबाहेरची ही गाडी आपल्या हिशेबात येत नाही. तिच्यावर झोपण्यापुरता हलका डबा होईल, घर नाही.

टाटा इंट्रा व्ही३० कागदावर १.३ टनाची आहे. हौदा बुटका, वळण लहान, शहरात सोयीची. डब्याची एकूण उंची कमी राहते हा मोठा फायदा. इंजिन दीड लिटरचं. घाटात धीर धरावा लागतो.

बोलेरो पिकअपचा कुटुंबकबिला मोठा आहे: १.३ टनापासून मॅक्स पिकअप एचडीच्या २ टनांपर्यंत. २ टनी गाडीचा हौदा १० फुटी. माझं मत विचाराल तर दोघांच्या कॅम्परसाठी खान्देशात १.५ ते १.७ टनाची बोलेरो पिकअप किंवा त्याच वर्गातली टाटा योद्धा घ्यावी. वेग नाही, आराम बेताचा, केबिनमध्ये आवाज. पण अक्राणीपासून मुक्ताईनगरपर्यंत कुठेही बंद पडली तर तिचा मिस्त्री आणि तिचा सुटा भाग तालुक्याच्या गावी सापडतो. सुटीत रस्त्यावर अडकल्यावर याची किंमत कळते. अशोक लेलँडची दोस्त आणि बडा दोस्तही याच रांगेत. तुमच्या गावाजवळ सर्व्हिस असेल तर बिनधास्त बघा.

शोरूममध्ये नुसतं "कॅम्परसाठी गाडी" म्हणालात तर दुहेरी केबिनची बोलेरो कॅम्पर समोर उभी करतील. चार जणांसाठी ती वाईट नाही, फक्त हौदा आखूड आहे हे धरून चाला.

मग टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस. हायलक्सचं २.८ लिटरचं इंजिन २०४ पीएसचं, व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं १६३ पीएसचं. चारही चाकांना ताकद मिळणारी मॉडेल्स, पाच आसनं, खासगी पांढरी नंबरप्लेट. चालवायला कारसारख्या. पण इथेच लोक फसतात: किंमत तिपटीच्या घरात आणि नोंदणीवरची भारक्षमता बोलेरो पिकअपपेक्षा कितीतरी कमी. पाच माणसं बसली की डब्यासाठी फारसं काही उरत नाही. परदेशी व्हिडिओत हायलक्सवर भलं मोठं घर दिसतं. ती तिकडच्या नोंदणीची गाडी असते. या दोघींवर हलकं छप्पर आणि टपावरचा तंबू शोभतो.

चारही चाकांची ताकद आपल्याला लागते का? माझ्या मते नाही. काळी माती ओली झाली की ती टायरच्या नक्षीत भरून बसते आणि गुळगुळीत चाक तेवढं उरतं. दोन टनांची गाडी तिथे चार चाकांनीही रुततेच. पावसाळ्यात डांबर किंवा मुरूम सोडून शेतात उतरू नका, एवढं पाळलं तरी पैसे वाचतात.

आरटीओची पायरी टाळू नका

कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. म्हणून दोन मार्ग उरतात. डबा कायमचा बसवायचा असेल तर मोटार कॅराव्हॅन, म्हणजे चालतं घर, म्हणून मान्यता हवी. त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे आणि ते काम मान्यताप्राप्त बॉडीबिल्डरकडूनच होतं. डबा काढ-घालीचा असेल, चेसिसला भोक किंवा वेल्डिंग नसेल, तर तो हौद्यात ठेवलेल्या सामानासारखा धरता येईल. तरीही धुळे, जळगाव किंवा नंदुरबार, जिथे गाडी नोंदवणार तिथल्या कार्यालयात डब्याची मापं, वजन आणि आराखडा जोडून लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखी घ्या. एजंटचं "होऊन जाईल" टोलनाक्यावर दाखवता येत नाही.

परवान्याची काळजी नको. एकूण वजन ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. पिवळ्या नंबरप्लेटची गाडी असेल तर मात्र योग्यता प्रमाणपत्र लागतं: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परमिट लागत नाही.

जुनी घेणार असाल तर

आपल्याकडची जुनी पिकअप म्हणजे केळी, कापूस किंवा वाळू वाहिलेली. वाळूची असेल तर नमस्कार करून परत या. बाकी गाडीखाली टॉर्च घेऊन आडवं व्हा. पाटे जिथे चेसिसला अडकवलेले असतात त्या ब्रॅकेटभोवती केसासारखी चीर, नव्या रंगाचा पट्टा किंवा वेल्डिंगची पट्टी दिसते का बघा. पाटे मोजा आणि दुसऱ्या तशाच गाडीशी ताडून बघा. एखादा जास्त निघाला तर ती गाडी कायम जादा भार ओढत होती. मागच्या टायरची झीज आतल्या कडेला जास्त असेल तर आसच वाकलेला असू शकतो. सपाट जागी उभी करून मागून पाहा: एक बाजू खाली दिसते का? बँकेचा बोजा उतरला का आणि ई-चलन किती थकली, हे ऑनलाइन बघून मगच विसार द्या.

गोण्या भरून घाट

गाडी पसंत पडली तरी रिकामी चालवून निर्णय घेऊ नका. सिमेंटच्या ५० किलोच्या वीस गोण्या म्हणजे बरोबर १ टन. युरियाच्या गोण्या घेतल्यात तर मोजताना सांभाळा, त्या आता ४५ किलोच्या येतात. जिथे डबा येणार तिथेच गोण्या रचा आणि दोर बांधून घाटाला लावा. धुळे-शिरपूरकरांना पळासनेरपुढचा बिजासन आहे, चाळीसगावकरांना कन्नडचा औट्रम घाट, साक्री-नवापूरकरांना कोंडाईबारी, शहादेकरांना तोरणमाळ. चढताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कुथते का, तापमानाचा काटा कुठे जातो, आणि उतरताना ज्या गिअरने चढलो त्याच गिअरमध्ये इंजिन गाडी धरून ठेवतं का, एवढं बघा. सारखा ब्रेक दाबावा लागला आणि खाली आल्यावर चाकातून जळका वास आला, तर ही गाडी तुमच्या डब्याची नाही. चाचणी दुपारी करा. सकाळी सहाला सगळ्याच गाड्या गुणी असतात.

बांधणी आणि शेवटचा काटा

डबा हौद्याच्या पत्र्याला बोल्टने आवळून भागत नाही. चार कोपऱ्यांतून चेसिसवर आधीच असलेल्या भोकांपर्यंत किंवा क्लॅम्पपर्यंत टर्नबकलने (फिरवून आवळायच्या पेचाच्या आकड्याने) ताण द्या. खाली गोठ्यात टाकतात ती रबर मॅट अंथरा. डबा सरकत नाही आणि पत्रा घासत नाही. डबा उतरवायचे चार जॅक हौद्याच्या रुंदीबाहेर उभे राहतील एवढी जागा आधीच ठेवा, नाहीतर गाडी खालून काढताच येणार नाही. जमिनीपासून टपाची उंची मोजून ती स्टेअरिंगसमोर चिकटवा. पावणेतीन मीटरचा डबा रेल्वेखालच्या बोगद्यात, लग्नाच्या कमानीत आणि शेतावरच्या लोंबत्या तारांत सहज अडकतो.

मग टाकी पूर्ण भरून, दोन्ही माणसं बसवून, पांघरुणांसकट जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि पावती फाडा. मग पूर्ण गाडी, दुसरी पावती. मग पुढची चाकं खाली उतरवून फक्त मागची, तिसरी. काटेवाला आधी हसेल, कापसाच्या गाड्या मागे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. पहिली आणि तिसरी पावती मिळून साधारण दुसरीएवढी भरली पाहिजे. पुढच्या आसावरचं वजन रिकाम्या गाडीपेक्षा कमी आलं तर टाकी आणि बॅटरी पुढे सरकवा आणि पुन्हा काट्यावर या. मागचं वजन आसाच्या मर्यादेला टेकलं तर सामान काढा, पाटा घालू नका.

पहिल्या फेरीहून आल्यावर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि चारही टर्नबकल पुन्हा आवळा. नवीन बांधणी पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये सैल पडतेच. डबा उतरवून गाडी रिकामी फिरवणार असाल तर मागच्या टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे कमी करा, आणि डबा चढवायच्या आदल्या दिवशी टायर थंड असताना परत भरा.